गप्प बसायची परीक्षा

मारकड सरांच्या गाडीतून रोज प्रवास करायचा तर माणूस सोशिक असावा लागतो, आणि मी सोशिक नाही. मी बारामतीहून स्कूटीवर पिंपळीला येते, स्कूटी त्यांच्या अंगणात लावते आणि तिथून आम्ही दोघं त्यांच्या अल्टोतून लोणी देवकरला जातो. औद्योगिक वसाहतीच्या कडेला आमचं डिप्लोमा कॉलेज आहे. मी गणित शिकवते, ते मेकॅनिकलला आहेत. निघताना सर गॅसचं बटण बघतात, दार ओढून बघतात, गाडीत बसतात, पुन्हा उतरतात आणि पुन्हा दार ओढून बघतात. त्यांची बायको मोना त्या वेळी घरातच असते, बरं का. ती आतून ओरडते, "अहो, मी हाय की घरात! जावा आता!" तेव्हा कुठं गाडी हलते. हलते म्हणजे चाळीसच्या वेगानं. उसाच्या ट्रॉल्या आम्हाला मागं टाकून जातात आणि ट्रॉलीवर बसलेली माणसं आमच्याकडं बघून हात करतात.

"सर, एवढं घाबरत घाबरत जगता कसं हो तुम्ही?" असं मी एकदा वैतागून विचारलं होतं.

"सवय झालीये," ते म्हणाले आणि रिकाम्या रस्त्यावर हॉर्न वाजवला.

ज्ञानेश मारकड हे त्यांचं पूर्ण नाव. वडील सोनबा मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे. पुढं कळप मोडला, पिंपळीत थोडी जमीन घेतली आणि पोरगं शिकलं. आई गोजरबाई अजून खणखणीत आहेत आणि मुलाच्या भित्रेपणाला मनसोक्त हसतात. "मेंढरामागं कोल्हं आलं तर ह्योच आधी झाडावर," असं त्या मला पहिल्याच भेटीत सांगून मोकळ्या झाल्या होत्या.

सर आधी एका कारखान्यात होते. तिथं पत्रा दाबायच्या एका प्रेसवर हाताला आडोसा म्हणून एक झाकण होतं. सफाईला काढायचं आणि परत बसवायचं. एके दिवशी ते उलटं बसलं. उलटंही अगदी घट्ट बसायचं, बोल्टही लागायचे, प्रेसही चालायची. म्हस्कू नावाच्या कामगाराची दोन बोटं गेली. सगळे म्हणाले, म्हस्कूचं लक्ष नव्हतं. म्हस्कू स्वतःही तेच म्हणाला. एकटे मारकड सर म्हणत राहिले, की झाकण दोन्ही बाजूंनी बसत होतं, मग चूक झाकणाची आहे. त्यांचं कुणी ऐकलं नाही. त्यांनी नोकरी सोडली आणि शिकवायला आले.

वस्तू कशी आखावी म्हणजे ती जोडणाऱ्याला न सांगता नीट जोडता येईल, हा त्यांचा विषय. अभ्यासक्रमात त्याला जेमतेम दोन प्रकरणं आहेत, पण सर तो वर्षभर शिकवतात. वर्गात पिशवी भरून सामान आणतात. कुकरचं झाकण, टॉर्च, मोबाईलचं सिम. "सिमचा एक कोपरा कापलाय, तो का?" असं विचारतात आणि उत्तर येईपर्यंत पुढं सरकत नाहीत. "माणूस चुकणारच. घाईत असतो, झोप झालेली नसते, चष्मा सापडत नसतो. आपण वस्तूच अशी करायची की ती चुकीची बसणारच नाही. सूचनांचा कागद सोबत दिला म्हणजे सुटलो असं समजू नका. तो कागद चूल पेटवायला जातो."

आणि त्यांची परीक्षा. ती आमच्या कॉलेजात प्रसिद्ध आहे. पोरांनी केलेली वस्तू सुटी करून टेबलावर मांडायची. मग सर बाहेरचं कुणीतरी धरून आणतात. कधी एसटीचा कंडक्टर, कधी कॅंटीनवाल्या मावशी, कधी सख्खी आई. त्या माणसानं ती वस्तू जोडायची, आणि ज्यांनी ती केली त्यांनी हात मागं बांधून गप्प उभं राहायचं. बोलला की नापास. खुणावला की नापास. एकदा अविराज नावाच्या पोरानं गोजरबाईंचा हात चुकीच्या भोकाकडं गेल्यावर मुद्दाम खोकला काढला. सरांनी त्याला खोकल्याबद्दल नापास केला. पोरं ह्याला गप्प बसायची परीक्षा म्हणतात आणि मनापासून शिव्या देतात.

गेल्या वर्षी ह्याच अविराजनं आणि राजनंदिनी नावाच्या मुलीनं मिळून कुट्टी मशीन केलं. वैरण बारीक करायचं यंत्र, पण सुटं होणारं, मोटारसायकलवर बांधून नेता येईल असं. पान्हा नको, मेकॅनिक नको, घरच्या बाईनं हातानं खटके दाबून जोडावं. मधे पात्यांचं जड चाक, एका बाजूनं वैरण आत घालायची पत्र्याची पन्हळ, दुसऱ्या बाजूनं कुट्टी बाहेर पडायची पन्हळ. आत घालायची पन्हळ लांब, हातभर, म्हणजे हात पात्यापर्यंत पोचू नये. बाहेरची आखूड. दोन्हींना खटका मात्र एकच, कारण वर्कशॉपमध्ये एकाच साच्यात दोन्हींचं काम उरकत होतं.

सरांना तो खटका पहिल्या दिवसापासून खुपत होता. "लांब पन्हळ मागं बसली तर?" ते विचारायचे.

"सर, रंगाचे ठिपके दिलेत ना," राजनंदिनी म्हणायची. "लालला लाल, पिवळ्याला पिवळं. लहान पोर पण चुकणार न्हाय."

खरंच कुणी चुकलं नाही. कंडक्टर चुकला नाही, मावशी चुकल्या नाहीत, गोजरबाईंनी तर बोलता बोलता जोडून टाकलं. सरांनी आणखी माणसं आणली, तीही चुकली नाहीत. शेवटी त्यांनी हो म्हटलं. मी शेजारीच होते आणि "आता तरी पोरांना सोडा," असं मीच त्यांना म्हणाले होते.

एक मशीन कॉलेजात राहिलं. दुसरं राजनंदिनीच्या घरी वापरून बघायला गेलं. तिचं घर म्हणजे कऱ्हाटीजवळच्या मळ्यातली वस्ती. दोन म्हशी, काही शेळ्या आणि भाजीपाला. तिची आई सारजा आजवर कोयत्यानं वैरण तोडत आली होती.

खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमध्ये पूजा असते. लेथ पुसून ठेवतात, ड्रिल मशीनला झेंडूचा हार घालतात, सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लावतात. मुली साड्या नेसून येतात, मुलं पेढ्यांवर डोळा ठेवून असतात. त्या सकाळी राजनंदिनीच्या हातात करंडा होता. ती ओल्या हळदीत बोट बुडवायची, मग कुंकवात, आणि प्रत्येक यंत्राला लावत पुढं जायची. कुट्टी मशीन टेबलावर सुटंच होतं. तिनं चाकाला लावलं, मोटारीला लावलं, दोन्ही पन्हळींना पाच पाच बोटं लावली, खटक्यांनाही लावलं.

"आता जोड, फोटो काढतो," अविराज म्हणाला.

तिनं लांब पन्हळ उचलली. खटका बघितला. दुसरा बघितला. पुन्हा पहिला बघितला आणि हसायला लागली. "अरे, आपला ठिपका कुठला आणि पूजेचा कुठला? सगळंच लाल-पिवळं झालं!"

सगळे हसले. मीही हसले. सर हसले नाहीत. त्यांच्या हातात प्रसादाची वाटी होती, ती टेबलावर ठेवायला गेले आणि टेबलाच्या बाहेरच ठेवली. खोबरं फरशीवर सांडलं.

"घरी मशीन जोडलं का?" त्यांनी राजनंदिनीला विचारलं. आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा होता.

"न्हाय सर. आई म्हणली, नवरात्रात आलंय तर आज खंडेनवमीला पुजूनच..." ती बोलता बोलता थांबली. करंडा तिच्या हातात तसाच राहिला.

घरात आलेलं नवं यंत्र पुजल्याशिवाय आमच्याकडं कुणी हात लावत नाही. जोडण्याआधी पूजा, सुट्या भागांचीसुद्धा. हे आम्हा सगळ्यांना जन्मापासून ठाऊक होतं. सरांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, त्या कंडक्टरलाही ठाऊक असणार. पण कॉलेजात कंडक्टरनं जोडलं ती परीक्षा होती. नव्या यंत्राची पूजा कुणीच केली नव्हती.

राजनंदिनीनं आईला फोन लावला. बंद. वडील झेंडूची गाडी भरून पहाटेच पुण्याला गेलेले, त्यांचा लागेना. शेजारच्या वस्तीवरचे लोकही झेंडू घेऊनच गेलेले.

"पुजलेलं हत्यार आज चालवत नाहीत की," मी म्हणाले. मला खरंच हायसं वाटलं होतं. "मशीन आज नुसतं पूजेत राहील."

"न्हाय मॅडम," राजनंदिनी म्हणाली. "कोयता पूजेत बसतो म्हणूनच. आज कोयत्याला हात लावायचा न्हाय, म्हशींना वैरण तर घालायची. आई म्हणली, ह्या खेपेला नवं मशीनच मुहूर्ताला चालवायचं." ती पुन्हा आईचा नंबर दाबायला लागली. "पर मळ्यात सकाळी लाईट नसती. ह्या आठवड्यात दुपारी येती. फोन बी त्यानंच बंद असंल."

म्हणजे लाईट येईपर्यंत वेळ होता. सर, राजनंदिनी आणि मी गाडीकडं पळालो. त्या दिवशी सरांनी वर्कशॉपचं दार ओढून बघितलं नाही.

भिगवणपर्यंत गाडी चाळीसच्या जागी साठला होती, त्याच्या वर काही जाईना. मागच्या सीटवर राजनंदिनी फोन लावायची, बंद आहे असं ऐकायची आणि पुन्हा लावायची. मला राहवेना.

"सर, पळवा की जरा!"

"मी पळवली आणि आपण पोचलोच नाही तर?" ते म्हणाले. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर असे आवळलेले होते की बोटं पांढरी पडली होती. त्यांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता आणि तो पुसायला ते हात सोडत नव्हते. शेवटी मीच माझ्या रुमालानं पुसला. त्या क्षणी मला पहिल्यांदा त्यांची भीती कळली, कारण तीच आता मलाही लागली होती. मला सारजाबाईंचे हात दिसत होते. मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, तरी दिसत होते.

"वैरण घालताना आई शेवटची मूठ तळव्यानं ढकलते का?" सरांनी विचारलं.

"व्हय सर."



बारामतीत झेंडूच्या ढिगांनी रस्ता अडलेला. लोक दसऱ्याची खरेदी करत निवांत गाडीसमोरून चाललेले. सर हॉर्नवर हात दाबून बसले. एका म्हाताऱ्यानं काचेवर थाप मारून विचारलं, "आबा, एवढी कसली घाई? सोनं उद्या लुटायचंय!" मी काच खाली करून त्याला जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

मोरगाव रस्त्याला लागलो आणि मागून राजनंदिनी ओरडली, "लागला! सर, फोन लागला! रिंग वाजतीये!"

मी देवाचे आभार मानायला तोंड उघडलं, आणि सरांकडं बघून ते तसंच राहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"फोन चार्जिंगला लावला," ते म्हणाले. "म्हणजे लाईट आली."

रिंग वाजत राहिली. कुणी उचलला नाही. राजनंदिनीनं पुन्हा लावला, पुन्हा कुणी उचलला नाही. घरात फोन वाजतोय आणि बाई घरात नाही, म्हणजे बाई कुठं आहे हे तिघांनाही कळत होतं. राजनंदिनी मोठ्यानं रडायला लागली. सरांनी त्या दिवशी पहिल्यांदा गाडी पळवली. काटा कुठं गेला ते मी बघितलं नाही, मी डोळे मिटून घेतले होते.

वस्तीचा रस्ता कच्चा होता. गाडी मक्याच्या वावराशी थांबली आणि इंजिन बंद झाल्याबरोबर तो आवाज आला. कुट्टी मशीनचा घरघराट आणि मधून मधून वैरण कापल्याचा कचकच आवाज. एरवी हा आवाज ऐकून कुणी मान वर करून बघत नाही. आम्ही मात्र गाडीची दारं उघडी टाकून गोठ्याकडं पळालो.

गोठ्याच्या पत्र्याखाली पोत्यावर कोयता, खुरपी, फवारणीचा पंप मांडलेला, सगळ्यांवर हळदकुंकू आणि झेंडू. शेजारी मशीन. लांब पन्हळ मागं बसली होती. हिरवी कुट्टी तिच्यातून घसरत नेमकी पाटीत पडत होती. आणि आखूड पन्हळीपाशी, आमच्याकडं पाठ करून, सारजाबाई उभ्या होत्या. नवी साडी, हिरव्या बांगड्या. मक्याची पेंढी आत सरकवत होत्या आणि शेवटची मूठ तळव्यानं ढकलत होत्या.

राजनंदिनीनं ओरडायला तोंड उघडलं. सरांनी मागून तिच्या तोंडावर हात दाबला.

"ओरडू नको," ते तिच्या कानात म्हणाले. "दचकून वळतील. गप्प. एकदम गप्प."

ती गप्प राहिली. मीही. आजवर त्या परीक्षेला हसले होते, आणि आता श्वाससुद्धा रोखून उभी होते. सर गोठ्याच्या मागच्या अंगानं गेले, म्हशीच्या पोटाला घासून, चिखलातून. दार ओढून बघायला रोज पुन्हा उतरणारा तो माणूस आता एकेक पाऊल आवाज न करता टाकत होता. आखूड पन्हळीत सारजाबाईंचा हात जायचा आणि बाहेर यायचा. जायचा आणि बाहेर यायचा. मी मनात प्रत्येक वेळी तो हात बाहेर ओढत होते. सरांचा हात खांबावरच्या बोर्डापर्यंत पोचला आणि त्यांनी पिन उपसून काढली.

घरघराट उतरत गेला. संपलं असं मला वाटलं.

"गेली वाटतं लाईट," सारजाबाई स्वतःशीच म्हणाल्या. "आणि हितं अडकलं बी." आणि अडकलेला धाटा काढायला त्यांनी हात आत घातला.

चाक जड होतं. वीज बंद झाली तरी ते फिरतच होतं.

सर कसे पोचले मला सांगता येणार नाही. त्यांनी दोन्ही हातांनी सारजाबाईंचं मनगट पकडून मागं खेचलं. दोघंही शेणात आपटले. बांगड्या फुटल्याचा आवाज मला लांबवर ऐकू आला.

सारजाबाई उठल्या आणि त्यांनी सरांच्या थोबाडीत दिली. त्यांचं काय चुकलं? सणाच्या दिवशी कोण कुठला पुरुष गोठ्यातून येऊन हात धरतो म्हणजे काय! "कोण रं तू? ऐन नवमीला माझ्या बांगड्या वाढवल्यास! लाज न्हाय वाटत?" त्यांच्या मनगटातून रक्त येत होतं.

सरांनी खाली पडलेला मक्याचा एक धाटा उचलला आणि आखूड पन्हळीत घातला. चाक अजून फिरत होतं. कच् झालं. धाटा अर्धा झाला. त्यांनी उरलेला अर्धा सारजाबाईंच्या पुढं धरला. तेव्हा राजनंदिनी धावत येऊन आईच्या गळ्यात पडली, "आई, हे आमचे मारकड सर." सारजाबाईंनी त्या धाट्याकडं बघितलं, मग आपल्या हाताकडं, आणि तिथंच पोत्यावर बसल्या. पुष्कळ वेळ त्या नुसती बोटं उघडत मिटत होत्या.

पाणी झालं, मी त्यांच्या मनगटाला हळदच लावली. मग त्या म्हणाल्या, "माझंच चुकलं बाई. सणाची गडबड. माझं ध्यान नव्हतं."

सरांनी झटकन मान वर केली. मला म्हस्कू आठवला. त्यांनाही तोच आठवला असणार.

"न्हाय ताई," ते म्हणाले. ते बोलताना कधी गावाकडचं बोलत नाहीत, त्या दिवशी बोलले. "तुमचं न्हाय चुकलं. पन्हळ उलटी बसलीया."

"मंग सरळ करते की. त्यात काय?" आणि सारजाबाई उठल्या. राजनंदिनी पुढं झाली, तशी सरांनी तिला हातानं थांबवलं. वायरची पिन त्यांच्या दुसऱ्या हातात घट्ट धरलेली होती. ती मला दिसत होती म्हणूनच मी बघू शकले.

सारजाबाईंनी यंत्राला नमस्कार केला, खटके दाबले, दोन्ही पन्हळी काढल्या. हळदकुंकवानं माखलेले खटके फिरवून फिरवून बघितले. मग लांब पन्हळ उचलली, वरची बाजू खाली केली आणि पुन्हा मागं, तिथंच बसवली. ती घट्ट बसली.

"आता झाली का सरळ?" त्यांनी विचारलं. कुणी काही बोलेना, तशा त्या सांगू लागल्या, "लांब हिकडंच पायजे की. कुट्टी लांब जाऊन पाटीत पडती. न्हायतर निम्मी भुईवर सांडती."

राजनंदिनी खाली बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. सर म्हशीच्या दावणीला टेकून उभे होते. हात कापून घेता घेता वाचलेली बाई, शांतपणे, विचार करून, पुन्हा तेच करत होती, आणि तिच्या विचारात कुठं खोट काढावी ते मला गणिताच्या बाईला सापडत नव्हतं.

"बघितलंस?" सर राजनंदिनीला म्हणाले. त्यात राग नव्हता. "मी काय घरोघरी येऊन अशी पिन हातात धरून गप्प उभा राहणार हाय का?"

यंत्र त्या दिवशी घरातून नेऊ द्यायला सारजाबाई तयार होईनात. पुजलेलं आहे, उद्या सीमोल्लंघन झाल्यावर न्या म्हणाल्या. सरांनी वाद घातला नाही. त्यांनी वायर काढून घेतली, आखूड पन्हळही काढून घेतली, आणि तरी जाताना गाडीतून तीनदा उतरून मशीनला दुसरी वायर कुठून लागत नाही ना ते बघून आले. म्हशींना त्या दिवशी अख्खी वैरणच घातली. परतताना गाडी माझ्याकडं देऊन सर शेजारी बसले. बारामती येईपर्यंत ते आपल्या हाताची बोटं एकेक करून चेपत होते. पिंपळीत गोजरबाईंनी गालावरचा वळ बघितला, पण त्या दिवशी त्या हसल्या नाहीत.

त्यानंतर पोरांनी मशीन मोडून पुन्हा केलं. वैरण घालायची लांब पन्हळ आता सुटी नाहीच. ती अंगालाच रिबिटानं ठोकलेली आहे, फक्त दुमडते. ती उघडून पुरती सरळ झाली नाही तर मोटारीची पिन लागायची जागाच उघडत नाही. मागं कुट्टीला पाटीत नेणारी वेगळी लांब पन्हळ दिली, सारजाबाईंना हवी होती तशी. रंग कुठंच नाही.

उन्हाळ्यात परीक्षा झाली. या खेपेला जोडायला सारजाबाईंनाच बोलावलं. सरांनी टेबलावर आधी हळदकुंकवाचा करंडा ठेवला. आता प्रत्येक परीक्षेत तो असतो. कंडक्टर आला तरी आधी त्याच्याकडून पूजा करून घेतात, आणि तो बिचारा डोकं खाजवत करतो. सारजाबाईंनी सावकाश प्रत्येक भागाला पाच बोटं लावली, फूल वाहिलं आणि मग जोडायला घेतलं. अविराज आणि राजनंदिनी हात मागं बांधून उभे. मी दाराशी उभी. खोलीत कुणी खोकलंसुद्धा नाही.

मशीन जोडून झालं. पोरांना वाटलं, संपलं. सरांनी वायर काढली, गुंडाळून आपल्या खिशात घातली, खिसा वरून चाचपला आणि म्हणाले, "ताई, आता हात आत घाला."

राजनंदिनीनं डोळे मिटले. सारजाबाईंनी उजवा हात पन्हळीत घातला. कोपर गेलं. बांगड्या पत्र्यावर खणखणल्या. दंड गेला, खांदा पत्र्याला टेकला, गाल टेकला.

"न्हाय पोचत, सर," त्या म्हणाल्या.

"आणखी घाला."

"खांदा अडकला की हो! न्हाय पोचत."

सर वाकून आत बघत होते. सारजाबाईंची बोटं आणि पातं यांच्या मधे मोकळी जागा होती. त्यांनी ती खूप वेळ बघितली. कपाळावर घाम आला होता. मी रुमाल काढला.

"बरं," ते म्हणाले. "आता डावा घालून बघा."